नाथांचा भरवसा

आजच्या सेवेचा विषय साधा आहे, पण पचायला जड आहे. माणसाच्या खांद्यावर जन्मभर दोन मालक बसलेले असतात. एकाचं नाव जगरहाटी. तो बाहेरून ओरडतो, ‘चार लोक काय म्हणतील?’ दुसऱ्याचं नाव स्वभाव. तो आतून ढोसतो, ‘मला राग आला, मला हवं, मला भीती वाटते.’ माणूस सकाळी एकाची चाकरी करतो, संध्याकाळी दुसऱ्याची. देवाची चाकरी राहते एकादशीपुरती! आता या दोघांना बाजूला सारून तिसऱ्याच्या, म्हणजे भगवंताच्या भरवशावर संसार करता येतो का? पुष्कळ जण म्हणतात, ‘महाराज, हे बोलायला ठीक आहे.’ म्हणून आज नुसतं बोलायचं नाही, इतिहास बघायचा. आणि इतिहास बघायला लांब जायला नको. संभाजीनगरहून दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर गोदावरीच्या काठी पैठण आहे. तिथल्या वाळवंटात हे घडलेलं आहे.

आधी पैठण म्हणजे काय, ते समजून घ्या. आज आपल्याला पैठण म्हटलं की पैठणी आठवते, नाथसागर आठवतो. पण हे प्राचीन प्रतिष्ठान नगर, सातवाहनांची राजधानी. पुढे राजे गेले, पण शास्त्री राहिले. धर्माचा वाद पडला की निवाडा पैठणचा. कोण शुद्ध, कोण पतित, कोणाला पंक्तीला घ्यायचं, कोणाला वाळीत टाकायचं, हे पैठणच्या ब्रह्मवृंदाने ठरवायचं आणि गावोगाव लोकांनी मानायचं. तुम्हाला ठाऊक आहे, विठ्ठलपंतांची चार लेकरं, निवृत्तिनाथ, ज्ञानोबाराय, सोपानदेव आणि मुक्ताबाई, शुद्धिपत्र मागायला पायी याच पैठणला आली. बापाने संन्यास घेऊन पुन्हा संसार केला, हा त्यांचा अपराध! आई-बापांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं अशी परंपरा सांगते, तरीही लेकरांच्या माथ्यावरचा शिक्का पुसला गेला नाही. तीच लेकरं पुढे नेवाशाला गेली आणि शके 1212 म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी जगाच्या हाती पडली. पैठणने ज्यांना ‘तुम्ही कोण?’ म्हणून विचारलं, त्यांना आज जग माउली म्हणतं. रूढीचा निवाडा आणि देवाचा निवाडा यांत किती अंतर असतं, याचा हा पहिला दाखला. आणि तो पैठणच्याच चावडीवर लिहिलेला आहे, बरं का!

त्या घटनेनंतर जवळजवळ अडीचशे वर्षांनी, सोळाव्या शतकात, याच गावात भानुदास महाराजांच्या वंशात एकनाथ महाराजांचा जन्म झाला. वडील सूर्यनारायण, आई रुक्मिणीबाई. दोघंही लवकर गेली. आजोबा चक्रपाणींनी पोर वाढवलं. पोरकं लेकरू, घर ब्राह्मणाचं, गाव शास्त्र्यांचं. म्हणजे रूढीच्या अंगाखांद्यावर वाढलेलं. इथे ध्यानात ठेवा, नाथ काही बाहेरून येऊन पैठणला शिकवायला बसले नाहीत. ते आतले होते. स्नान, संध्या, श्राद्ध, पूजा सगळं यथासांग करणारे होते. म्हणूनच त्यांनी जे सोडलं ते का सोडलं, याला किंमत आहे. ज्याच्या घरात काही नाहीच, त्याने ‘मी त्याग केला’ म्हणण्यात काय अर्थ?

लहान वयात नाथ देवगिरीला गेले, जनार्दनस्वामींच्या पायाशी. स्वामी कोण? किल्लेदार. तो काळ निजामशाहीचा. दौलताबादचा एवढा मोठा दुर्ग, त्याचा कारभार सांभाळायचा आणि आत दत्तात्रेयांची उपासना चालवायची. नाथांना गुरूने पहिलं काम काय दिलं? हिशेब! ती कथा तुम्ही कितीदा ऐकली असेल. एकदा हिशेबात एका पैची चूक लागेना. नाथ रात्रभर समईच्या उजेडात बसले. चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, कारण विचारलं आणि म्हणाले, एका पैसाठी एवढं चित्त एकाग्र होतं, तर ते भगवंताकडे लागलं तर काय होईल?

श्रोतेहो, या कथेत गुरूने पोराला ‘तुझा स्वभाव मार’ असं सांगितलं नाही. चिकाटी हा नाथांचा स्वभावच होता. गुरूने त्या स्वभावाचं तोंड फिरवलं. बैल तोच, नांगर तोच, फक्त शेत बदललं. स्वभाव मालक झाला की घात करतो, पण चाकर झाला की काम करतो. 

दुसरी कथा त्याच काळातली. स्वामींनी नाथांना दत्तदर्शन घडवायचं ठरवलं. दत्तगुरू आले, पण कसे? मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या वेषात! स्वामी त्यांच्याबरोबर जेवायला बसले आणि नाथ मागे सरले. ब्राह्मणाचं पोर, लहानपणापासूनचा संस्कार, हात पुढे होईना. पुढे ओळख पटली, चरणांवर डोकं ठेवलं. परंपरेने ही कथा जपली, हा तिचा प्रामाणिकपणा म्हणायचा. कारण ती सांगते, नाथांसारख्या नाथांनासुद्धा सुरुवातीला देव आणि डोळे यांच्यामध्ये वेषाचा पडदा आडवा आला. मग तुमची-आमची काय कथा? आपण तर रोज देवाला वेष बघून परत पाठवतो. नंतर खुलताबादजवळच्या शूलिभंजनाच्या डोंगरावर नाथांनी तप केलं. आजही तिथे दत्ताचं मंदिर आहे, पावसाळ्यात जाऊन या. तप करून नाथ परतले, गुरूच्या आज्ञेने गृहस्थ झाले, गिरिजाबाईंशी लग्न झालं आणि पैठणात संसार मांडला. खरी परीक्षा डोंगरावर नव्हती, गावात होती.

आता वाळवंटात या. वैशाखातली दुपार. मराठवाड्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. नाथ गोदेवर स्नानाला चाललेले. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या समाजातली एक माउली पाणी घेऊन पुढे गेली, तिचं लहान लेकरू मागे राहिलं. पाय भाजले, लेकरू वाळूत पडून रडायला लागलं. रूढी काय सांगते? शिवू नको, विटाळ होईल, गावात जाब द्यावा लागेल. आणि स्वभाव काय सांगतो? इथे तुम्ही म्हणाल, ‘महाराज, लेकरू बघून दया येणं हाही स्वभावच की!’ खरं आहे. दया आपल्या सगळ्यांनाच येते. पण दयेच्या शेजारीच भीती बसलेली असते. दया म्हणते, ‘उचल.’ भीती म्हणते, ‘कोणीतरी उचलेल.’ आणि बहुतेक वेळा भीतीच जिंकते, कारण तिच्या पाठीशी गाव उभं असतं. रस्त्यावर अपघात झालेला माणूस पडलेला असतो, गाड्या थांबतात, खिडक्या खाली होतात, पुन्हा वर होतात. दया काय त्यांना येत नाही?

नाथांच्या दयेच्या पाठीशी कोण उभा होता? भगवंत. सर्वांभूती देव आहे असं पुराणात सांगायचं आणि वाळूत रडणाऱ्या देवाला ओलांडून स्नानाला जायचं, हे त्यांना जमेना. त्यांनी लेकरू उचललं, नाक-डोळे पुसले, कडेवर घेऊन त्याच्या वस्तीत नेलं, आईच्या हाती दिलं. एवढंच. भाषण नाही, सभा नाही. 

आणि दुसरा प्रसंग तर लहान पोरांनाही पाठ आहे. नाथ गोदेवर स्नान करून येत आणि वाटेत एक उन्मत्त माणूस त्यांच्या अंगावर थुंकत असे. त्याची जात कोणती, धर्म कोणता, हे मी सांगत नाही, कारण उन्मत्तपणाला जात नसते. एके दिवशी तो थुंकत गेला आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नान करत गेले, एकशे आठ वेळा. शेवटी तोच पायावर पडला. नाथ म्हणाले, ‘बाबा, तुझ्यामुळे आज गोदामाईचं एकशे आठ वेळा स्नान घडलं.’ आता इथे गंमत बघा. वाळवंटातल्या लेकराच्या वेळी रूढी एका बाजूला होती आणि दया दुसऱ्या बाजूला. इथे काय झालं? स्वभाव म्हणतो, ‘मार याला!’ आणि जगही म्हणतं, ‘मारलंच पाहिजे, नाहीतर लोक नामर्द म्हणतील.’ म्हणजे रूढी आणि राग दोघं एक झाले! कधी हे दोन मालक भांडतात, कधी हातात हात घालून येतात. एक आला तर ओळखू येतो. दोघं मिळून आले की माणसाला वाटतं, हाच धर्म. भाऊबंदकीच्या भांडणात आपलं हेच होतं. मनात राग आणि गल्लीत टाळ्या! बांधाच्या हातभर जागेसाठी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, आणि दोन्ही भाऊ आषाढीला एकाच दिंडीत असतात. विठोबाने कोणाकडे बघावं?

नाथांनी स्वतः अकराव्या स्कंधावर टीका लिहिली. त्या स्कंधाच्या तेविसाव्या अध्यायात अवंतीच्या एका कृपण ब्राह्मणाची गोष्ट येते. धन गेलं, घरच्यांनी सोडलं, भिक्षा मागायला लागला तर लोक छळायचे, अंगावर थुंकायचेसुद्धा. तो शेवटी म्हणतो, मला दुःख देणारे हे लोक नाहीत, ग्रह नाहीत, दैव नाही. माझं मनच मला फिरवतं आहे. नाथांनी हे नुसतं लिहिलं नाही. ज्या गावात लिहायला सुरुवात केली, त्याच गावाच्या घाटावर ते जगून दाखवलं.

तिसरा प्रसंग श्राद्धाचा. नाथांच्या घरी पितरांसाठी स्वयंपाक झालेला. वाटेने गावकुसाबाहेरचं एक कुटुंब चाललेलं. वास आला, लेकरं आईला म्हणाली, असं अन्न आपल्याला कधी मिळेल? नाथांनी ऐकलं. गिरिजाबाईंना विचारलं आणि तो सगळा स्वयंपाक त्या कुटुंबाला वाढला. मग जागा सारवून दुसरा स्वयंपाक केला, पण ब्राह्मण यायला तयार होईनात. परंपरा सांगते, पानं वाढली आणि पितरच येऊन जेवून गेले. इथे गिरिजाबाईंना विसरू नका. नाथांनी एका शब्दात ठरवलं असेल, पण चूल पुन्हा पेटवली ती त्या माउलीने. भरवसा नवऱ्याचा असेल, तर त्याची लाकडं बायकोच्या हातांनी लागतात. नाथांच्या कथेत आपण तिला नेहमी माजघरातच ठेवतो, ते बरोबर नाही.

मी सांगतो त्या कथा बऱ्याचशा महिपतीबुवांच्या ग्रंथांतून आपल्याकडे आल्या. त्यांचा ‘भक्तलीलामृत’ 1774 सालचा. नाथांनी देह ठेवला 1599 साली. म्हणजे पावणेदोनशे वर्षं या कथा लोकांच्या तोंडी राहिल्या. कोणी म्हणेल, पितर जेवले हे खरं कशावरून? मी वाद घालत नाही. पण एवढं विचारतो, ज्या समाजाने सावली पडली तरी विटाळ मानला, त्याच समाजाने हे लेकरू कडेवर घेतलेले नाथ पावणेदोनशे वर्षं का जपले? कारण मनातून सगळ्यांना कळत होतं की देव कोणाच्या बाजूला आहे. 

लेखी पुरावा पाहिजे तर तोही आहे. नाथांनी एकादश स्कंधाची टीका मराठीत लिहायला घेतली. पाच अध्याय पैठणात झाले, पुढचे काशीत. देववाणीतला भागवतधर्म बायकापोरांच्या बोलीत आणायचा, हा काशीच्या पंडितांना अपराध वाटला. नाथांना तिथे बोलावणं आलं, जाब विचारला गेला, अशी परंपरा आहे. पण ग्रंथ शके 1495 म्हणजे 1573 साली कार्तिकी पौर्णिमेला काशीतच पूर्ण झाला. जिथे विरोध, तिथेच समाप्ती! पुढे 1584 साली नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. म्हणजे बघा, ज्या माउलीला पैठणने एकदा शुद्धिपत्रासाठी तिष्ठत ठेवलं, तिच्या ग्रंथाची शुद्धी पैठणच्याच पुत्राने केली. गावाचं देणं असं फिटलं.

आता कोणी तरुण म्हणेल, ‘समजलं महाराज, रूढी मोडायची!’ थांब बाळा, घाई करू नको. हरिपंडितांची कथा ऐक. हरिपंडित म्हणजे नाथांचा मुलगा, मोठा विद्वान. त्याला बापाचं वागणं पटेना. मराठीत पुराण काय सांगता, कोणाच्याही घरी काय जेवता! तो रुसून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले. मुलाने अटी घातल्या, प्राकृतात पुराण सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही. नाथांनी काय केलं? मान्य केल्या! आयुष्यभर ज्यासाठी लोकांचे बोल खाल्ले, ते मुलाच्या शब्दाखातर बाजूला ठेवलं. बापाचा मान, विद्वानाचा अहंकार, ‘मी बरोबर होतो’ हा हट्ट, सगळं खाली ठेवलं. हरिपंडित पुराण सांगू लागले आणि श्रोते हळूहळू कमी झाले, तरी नाथ गप्प राहिले.

मग एक गरीब बाई आली. तिचा सहस्रभोजनाचा संकल्प होता, पण दिवस फिरले आणि घरात दाणा उरला नाही. कोणी तिला सांगितलं, एका नाथांना जेवू घाल, हजारांचं पुण्य मिळेल. नाथांचं तर परान्न बंद! नाथांनी मुलालाच सांगितलं, तू त्यांच्या घरी जाऊन स्वयंपाक कर. जेवण झालं, नाथ म्हणाले, ‘हरी, पत्रावळ उचल.’ हरिपंडितांनी उचलली, तर खाली दुसरी. ती उचलली, तिसरी. अशा हजार पत्रावळी निघाल्या असं सांगतात. पंडिताचे डोळे उघडले. बापाने वाद घालून जिंकलं नाही. देवावर सोपवलं आणि वाट पाहिली.

आता या सगळ्या प्रसंगांत सूत्र कोणतं? नाथांनी एकदा रूढी मोडली, एकदा पाळली. एकदा दयेचं ऐकलं, एकदा रागाचं ऐकलं नाही. मग देवाचा आवाज ओळखायचा कसा? कारण मन फार लबाड आहे. त्याला जे हवं ते ‘देवाने सांगितलं’ असं तेच सांगतं. भावाची जमीन दाबणारा म्हणतो, देवाने दिली. बायकोवर हात उचलणारा म्हणतो, हीच आपली रीत. म्हणून कसोटी पाहिजे, आणि ती नाथांच्या चरित्रात आहे. प्रत्येक प्रसंगात विचारा, भार कोणाच्या अंगावर पडला? लेकरू उचललं तर बोल नाथांनी खाल्ले. थुंकी झेलली तर गार पाण्यात नाथ उतरले. श्राद्धाचं अन्न दिलं तर बहिष्कार नाथांच्या घरावर. मुलाची अट मानली तर मान नाथांचा गेला. देवाच्या भरवशावर केलेल्या कामाचा खर्च करणाऱ्याच्या खिशातून जातो. ज्या ‘धर्मा’चा खर्च दुसऱ्या कोणाच्या पाठीवर पडतो, दुबळ्याच्या, बाईच्या, लेकराच्या, तो धर्म तपासून घ्यावा. बहुधा आत रूढी असते, नाहीतर आपलीच वासना.

आणि भरवसा म्हणजे लगेच फळ, असंही नाही. नाथांनी लेकरू उचललं म्हणून पैठण दुसऱ्या दिवशी बदललं का? नाही. पंढरपूरच्या मंदिराचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 सालच्या मे महिन्यात दहा दिवस प्राणांतिक उपोषण करावं लागलं. हिशेब करा, नाथांनी देह ठेवल्याला तोवर जवळजवळ साडेतीनशे वर्षं झाली होती! एवढी वर्षं आपण वारकऱ्यांनी नाथांचे अभंग गायले, टाळ कुटले, आणि चोखोबांच्या लेकरांना नामदेव पायरीच्या बाहेरच उभं केलं. हे ऐकायला कडू लागतं, पण कीर्तनकाराने गोडच वाढायचं असं कुठे लिहिलं आहे? नाथांचं काम अर्धं राहिलं, ते नाथांमुळे नव्हे, ऐकणाऱ्यांमुळे. आपण कथा डोक्यावर घेतली, लेकरू नाही घेतलं.

आज वाळवंट कुठे आहे, ते शोधा. गोदेवर धरण झालं, नाथसागर झाला, पण तापलेली वाळू गावोगाव आहे. मुलीच्या लग्नाला सावकाराचं कर्ज काढून हजार पानं उठवायची, का? रीत आहे. दुष्काळात बाप गेला, तरी तेराव्याला गावजेवण, का? चार लोक नावं ठेवतील. ते चार लोक जेवून जातात, हप्ता फेडायला मागे एक विधवा आणि दोन लेकरं राहतात. पितर काय बुंदीच्या ढिगावर तृप्त होतात? नाथांच्या घरी पितर कधी जेवले, ते आठवा. भुकेलं लेकरू आधी जेवलं, तेव्हा! तुम्ही तुमच्या गावात एवढं करून बघा. पुढच्या श्राद्धाला पहिलं पान ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याला वाढा. पुढच्या लग्नात कर्जाची रीत मोडा, आणि बोल पडतील ते स्वतः झेला, सुनेच्या माहेरावर ढकलू नका. 

फाल्गुन वद्य षष्ठी आली की पैठणला नाथषष्ठी भरते. जनार्दनस्वामी आणि नाथ, गुरुशिष्यांची अनेक पर्वं परंपरेने याच एका तिथीला मानतात. त्याआधी तुकाराम बीजेपासून नाथवाड्यातला रांजण भरायला सुरुवात होते. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने बारा वर्षं ज्या घरी कावडीने पाणी वाहिलं, असं आपण मानतो, त्या घरचा रांजण. यंदा तुम्ही घागर घेऊन रांगेत उभे राहाल तेव्हा मनात एक गोष्ट धरा. देवाने पाणी वाहिलं ते कोणाच्या घरी? ज्याने गावाची भीती धरली नाही, रागाची चाकरी केली नाही आणि तापल्या वाळूतलं लेकरू आपलं मानलं, त्याच्या घरी. तुमच्याही घरी देव यायला तयार आहे. दार रूढीच्या हाती ठेवू नका, रागाच्या हाती ठेवू नका. कडी तुमच्याच हाताने काढा.

बोला, शांतिब्रह्म एकनाथ महाराज की जय! राम कृष्ण हरि!